दुर्बिणीचे परिमाण

पनवेलहून मुंबई–गोवा महामार्गाने सुमारे १२ किलोमीटर गेले की अंगठ्यासारखा सुळका असलेला कर्नाळा किल्ला दिसतो. त्याच्या भोवतालचे रान १९६८ साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. हिवाळ्यात मुलाबाळांसह तेथे जाणाऱ्या कुटुंबांपुढे दुर्बीण घेताना हमखास एक प्रश्न उभा राहतो : ८×४२ ची मोठी घ्यावी, की ८×३२ ची मध्यम?

यातील पहिला आकडा पक्षी किती पट जवळ दिसेल ते सांगतो. दुसरा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. दुसऱ्यास पहिल्याने भागले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते : मोठीत ५.२५ मिलिमीटर, मध्यम दुर्बिणीत ४. लख्ख उजेडात मात्र डोळ्याची बाहुली साधारण २ ते ३ मिलिमीटरच उघडी असते. त्यामुळे मोठीने आणलेला अधिक प्रकाश डोळ्यात शिरतच नाही. उतारवयात तर अंधुक उजेडातही बाहुली तरुणपणाइतकी विस्तारत नाही.

मोठ्या दुर्बिणीचे गुण नाकारता येत नाहीत. पहाटे, तिन्हीसांजेला व गर्द सावलीत ती सरस ठरते. हात किंचित हलला तरी दृश्य सहसा निसटत नाही. परंतु तिचे वजन बहुधा ७०० ग्रॅमच्या आसपास असते, मध्यमीचे ५०० च्या. गडाची चढण चढताना हा फरक मानेला जाणवतो, आणि पिशवीत गेलेली दुर्बीण ऐन वेळी हाती लागत नाही. चष्मा असणाऱ्यांनी दुकानातच चष्म्यासह पाहून दृश्याचे वर्तुळ पूर्ण दिसते की कडा कापली जाते, याची खात्री करावी.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहपरिमाण येते. त्यात गरजेची मर्यादा खरेदीपूर्वीच ठरवावयाची असते. ज्यांचे पाहणे सकाळी ऊन पडल्यावर सुरू होऊन सूर्यास्तापूर्वी संपते, त्यांना मध्यम दुर्बीण पुरेशी आहे. उरलेल्या पैशांत मुलांसाठी पक्ष्यांची ओळख करून देणारे एखादे पुस्तक येईल. सूर्याकडे दुर्बीण कदापि रोखू नये, ही ताकीद मुलांना आधीच द्यावी; आणि घरटे दिसले तर जवळ न जाता दुरूनच पाहावे, हेही शिकवावे. दुर्बीण त्यासाठीच तर घ्यावयाची.