घराच्या छपरावरील वीज

विहिरीवर सौरपंप बसवावा आणि घरांतील दिवे मात्र कोराडी-चंद्रपूरच्या कोळशावर जळावे, हें विसंगत होय. सन २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेनें घरगुती संचास अनुदान ठरविलें, तें असें: एका किलोवॅटास ३०,०००, दोहोंस ६०,००० व तीन किंवा अधिक किलोवॅटांस ७८,००० रुपये. अर्थात् तिनांपुढें संच वाढविला तरी मदत वाढत नाहीं.

एका किलोवॅटापासून चांगल्या उन्हांत दिवसास सुमारें ४ युनिट वीज निघते. शिल्लक राहील ती तारेवाटे कंपनीकडे जाऊन बिलांत वजा होते. तेव्हां वर्षाचीं बिलें पुढें घेऊन युनिटांची बेरीज करावी व गरजेपुरताच संच घ्यावा. छपरावर सावली नसावी. तावदानांवरील धूळ वरचेवर धुवावी.

विक्रेता सांगो वा न सांगो, एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. बॅटरीवांचूनचा संच बाहेरची वीज जातांच आपोआप बंद पडतो; तारेवर काम करणाऱ्याच्या जिवासाठीं तशी योजनाच असते. म्हणून भारनियमन टळेल या आशेनें कोणीं कर्ज काढूं नये. बिल उतरविण्यासाठीं मात्र हा खर्च अवश्य करण्याजोगा आहे, असें आमचें मत आहे.