गुहेची अर्धीच गोष्ट

प्लेटोच्या गुहेचा दाखला सांप्रत फारच स्वस्त झाला आहे. द्वारकेहून निघालेली मेट्रो रामकृष्ण आश्रम मार्गाचे स्थानक सोडून भुयारात शिरते. डबाभर माना हातांतल्या पडद्यांवर वाकलेल्या असतात, आणि शेजारचा कोणी विद्वान सुस्कारा टाकून म्हणतो, "पाहा, हीच ती गुहा! सारे सावल्यांचे बंदिवान!" म्हणणारा स्वतःला मात्र त्या बंदिवानांत धरीत नाही. आम्हांला या दाखल्याचा वीट आला आहे.

प्लेटोचे बंदिवान बालपणापासून पायांना व मानेला जखडलेले आहेत. मान वळविणे त्यांना शक्यच नाही. राजीव चौकात धक्के खात गाडी बदलणाऱ्या कारकुनाला ही सबब कोठून मिळणार? शिवाय 'रिपब्लिक'च्या सातव्या भागातील हे रूपक सुटकेपाशी संपत नाही. ज्याने सूर्य पाहिला त्याने पुन्हा खाली उतरावे, डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि राज्यकारभार सांभाळावा, असा प्लेटोचा आग्रह आहे. सरकारी नोकरांनी नेमका हाच भाग विसरावा, हे नवल नव्हे काय?

मराठी माणसाला तर ग्रीसपर्यंत जाण्याचेही कारण नव्हते. ज्ञानदेवांच्या 'अमृतानुभवा'चे (योगायोग पाहा!) सातवेच प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे, आणि दहा प्रकरणांत तेच सर्वांत मोठे. जग मिथ्या म्हणून झटकून न टाकता ते चैतन्याचाच विलास आहे, असे ज्ञानदेवांनी मांडले. हे ज्याला पटले त्याला समोरच्या जगाचा तिरस्कार करवणार नाही.

आमच्या मंडळींचा मायावाद मात्र मोठा सोयीचा. खरे आयुष्य म्हणे पुण्यात किंवा नागपुरात. येथले सेक्टर म्हणजे निवृत्तीपर्यंतची सावली! या उपनगराचे जुने नाव पप्पनकलां, हे वर्षानुवर्षे येथे राहूनही कित्येकांना ठाऊक नसते. मुले येथेच वाढली. त्यांचे सवंगडी, त्यांची हिंदी, गच्चीवरचा त्यांचा उन्हाळा, हे सारे खोटे म्हणावयाचे?

आणि कचेरीतल्या संगणकावर उघडलेली फाईल? पडद्यावर ती चार ओळींची सावलीच दिसते. परंतु तिच्यामागे कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी खोळंबलेली एखादी विधवा असते. "सगळी मायाच आहे हो" असे म्हणत ती फाईल तीन आठवडे दाबून ठेवणाऱ्यास आम्ही वेदान्ती म्हणणार नाही. त्या बाईला घरभाडे पहिल्या तारखेसच द्यावे लागते.