गोळी सुटल्यावर जे राहते

प्रति,
औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली

महोदय,

कुंभकोणमच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा. एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनची चिठ्ठी आली की दुकानदार स्ट्रिपमधल्या हव्या तेवढ्या गोळ्या कात्रीने कापून देतो. घडी घातलेले इंग्रजी माहितीपत्रक खोक्यातच राहते. माझे म्हणणे त्या कागदाबद्दल आहे.

नैराश्यावरच्या या गोळ्या चालू असताना कामेच्छा मंदावते, हे डॉक्टर जाणतात. काही जण सांगतातही. पण काहींच्या बाबतीत गोळी बंद झाल्यावरही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे त्रास जात नाही. इच्छा उरत नाही, जननेंद्रिये बधिर होतात, परमोच्च क्षण आला तरी त्यात सुख नसते. हे स्त्रियांना होते, पुरुषांनाही. २०१९ मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने या त्रासाची सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. पुढे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियानेही तशी पावले उचलली. किती जणांना होते, का होते, हे कोणालाच नेमके ठाऊक नाही आणि खात्रीचा उपचारही नाही. म्हणून तर आधी सांगायला हवे.

‘हा आजाराचाच भाग आहे’ हे उत्तर फार सोयीचे पडते. नैराश्यात इच्छा जाते हे खरे, पण कातडीची संवेदना जाणे त्यात कसे बसवायचे? शिवाय शीघ्रपतनावर आपल्याकडे विकली जाणारी डॅपॉक्सेटिन याच कुळातली आहे. म्हणजे या औषधांचा हात कुठवर पोचतो हे विकणाऱ्यांना पुरते माहीत आहे!

इथून जवळच तिरुविडैमरुदूरचे महालिंगस्वामींचे देऊळ आहे. वरगुण पांड्याच्या मागे लागलेली ब्रह्महत्या पूर्वेच्या दाराशीच थांबली आणि राजा दुसऱ्या दाराने सुटला, अशी तिथली कथा. मनाने खचलेली माणसे आजही त्या देवळात येतात. या गोळ्यांच्या बाबतीत माणूस दुसऱ्या दाराने बाहेर पडतो, तर पीडा तिथेही उभी.

लग्न ठरलेल्या मुलाने हे कोणाला सांगावे? नव्या सुनेने कोणापुढे तोंड उघडावे? तंजावरच्या राज्याबरोबर इकडे आलेल्या आमच्या मराठी घरांत काय किंवा शेजारच्या तमिळ घरांत काय, मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो होतो हेच आधी लपवतात. डॉक्टरांनी विचारले नाही तर हा विषय निघतच नाही.

या पत्रामुळे कोणी गोळ्या एकाएकी सोडू नयेत. त्यांनी अनेकांचे जीव वाचवले आहेत आणि अचानक बंद केल्याचा त्रास वेगळाच असतो. मागणे इतकेच, की पहिली चिठ्ठी लिहिताना डॉक्टरांनी हे तोंडी सांगावे, आणि कापलेल्या स्ट्रिपबरोबरही तमिळ, मराठी, जी रुग्णाची भाषा असेल तिच्यातला कागद द्यावा. गाझियाबादच्या भारतीय भेषजसंहिता आयोगाकडे दुष्परिणाम कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. रुग्णही तिथे तक्रार नोंदवू शकतो, पण हे किती रुग्णांना माहीत आहे? तो क्रमांक त्या कागदावर ठळक छापा, आणि फोन उचलणाऱ्याला हा विषय ऐकून घ्यायला शिकवा.

आपला,
कुंभकोणमचा एक मराठी रहिवासी