राखेची पुरचुंडी

महाबळेश्वरच्या घरी आई बंबातली राख चाळून गुलाबाच्या आळ्यात, तांबड्या मातीत घाली. गुलाब नुसता डवरे. नोकरीसाठी सांगलीस निघालो तेव्हा तिने कलम दिले आणि राखेची पुरचुंडीही. मी इमानाने मूठ मूठ घालीत राहिलो. वर्षाच्या आत पाने पिवळी पडली, कलम गेले!

शेतकी खात्यातले स्नेही म्हणाले, "अहो प्रोफेसर, राखेत पालाश आणि चुना, नत्र नाहीच. तिकडे धो धो पावसाने चुना वाहून जातो, माती आंबट होते. तिला राख मानवते. ही कृष्णाकाठची काळी माती मुळातच चुनखडीची. वर राख घातली की मातीतले लोहसुद्धा मुळांना मिळत नाही."

दर दिवाळीस पुरचुंडी येतेच. त्या राखेने आमच्या समया लख्ख निघतात. गुलाबाचे मात्र आईला अजून सांगितलेले नाही.