दहा बाय बाराची श्रीमंती

गेल्या जूनमध्ये मी आणि माझी रूममेट टिळकवाडीतल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत राहायला आलो. घरमालक तिला ‘स्टुडिओ अपार्टमेंट’ म्हणतात, आमच्या घरचे नुसतंच ‘खोली’. मोबाइलवर व्हिडिओ बघून आम्ही ती सजवली. दिव्यांच्या माळा, प्लॅस्टिकचा वेल, चिकटवायचा आरसा, बसायला एक गुबगुबीत गोल उशी, पुस्तकांना उभं शेल्फ. फोटो झकास आले.

जुलैत बेळगावच्या पावसाने भिंतीला ओल आली आणि आरसा रंगाच्या पोपड्यांसकट खाली आला. तेही चाललं असतं. पण ऑगस्टमध्ये रूममेटची आई डॉक्टरांना दाखवायला गावाहून आली आणि मुक्कामाला थांबली. रात्री अकरा वाजता आम्ही शेल्फ आणि उशी जिन्यात नेऊन ठेवली, तेव्हा कुठे दोन पलंगांच्या मध्ये गादी पसरली. काकू सारख्या म्हणत होत्या, “माझ्यामुळे उगाच त्रास झाला गं तुम्हाला.” मला लाज वाटली. खोली आम्ही फोटोसाठी सजवली होती, माणसांसाठी नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. लहान खोलीत सर्वांत देखणी वस्तू म्हणजे मोकळी जमीन.

आमचे आजोबा मूळचे बारदेशचे. बोटीवर नोकरी लागण्याआधी ते मुंबईत धोबीतलावला ‘कूड’मध्ये राहायचे. गोव्यातल्या गावांनी आपापल्या माणसांसाठी चालवलेल्या या राहण्याच्या जागा. बोटीची वाट बघणारे तारवटी तिथे थांबत. प्रत्येकाची एक पेटी, ती भिंतीशी. एका बाजूला आल्तार. संध्याकाळी सगळे मिळून रोझरी म्हणत आणि रात्री त्याच जमिनीवर अंथरुणं पडत.

कुणी म्हणेल, गरिबीचं कौतुक नको. बरोबर आहे. आजोबा तिथे हौसेने राहत नव्हते, आणि भाडी परवडत नाहीत म्हणून आपण लहान खोल्या घेतो, यातही काही सौंदर्यदृष्टी नाही. पण अपुऱ्या जागेत दुसऱ्यासाठी जागा ठेवायची अक्कल त्या माणसांकडे होती, ती आपण का सोडावी? अमेरिकन लेखक थोरो 1845 मध्ये वॉल्डन तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांच्या झोपडीत राहायला गेला. टेबलावरचे शोभेचे दगड रोज पुसावे लागतात म्हणून त्याने ते फेकून दिले. खुर्च्या मात्र तीन ठेवल्या, एकटाच राहत असूनही!

आम्ही मग काय केलं? शेल्फ विकलं. पलंगांच्या पायांखाली विटा देऊन ते उंच केले आणि ट्रंका खाली सरकवल्या. ट्यूबलाइटऐवजी दोन पिवळे दिवे लावले, एक टेबलावर, एक कोपऱ्यात. अंधारे कोपरे उजळले की खोली मोठी वाटते. आरसा कपाटाच्या दाराला, खिडकीच्या बरोबर समोर लावला, म्हणजे दिवसाचा उजेड दुप्पट. पडद्याला आईची जुनी इरकल साडी, पेनांना खानापूरचं मातीचं भांडं. तिचा गणपती आणि माझी सायबीण, दोघांत मिळून दीड फुटाची एक फळी. अजून भांडण नाही.

नवीन खोली घेतलेल्या मित्रमैत्रिणींनो, स्टाईल जरूर करा. फक्त काहीही विकत घेण्याआधी एक प्रश्न विचारा: रात्री कुणी मुक्कामाला आलं, तर ही वस्तू कुठे ठेवणार? उत्तर ‘जिन्यात’ असेल तर पैसे वाचवा.

डिसेंबरात काकू पुन्हा आल्या. गादी टाकायला दोन मिनिटं लागली. ‘त्रास’ हा शब्द या वेळी त्यांनी एकदाही काढला नाही.