शेवटचे कडवे कोणाचे?

१४ एप्रिलच्या रात्री हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ वा सेनगाव यांपैकी कोठेही मिरवणुकीच्या कडेला उभे राहावे. वामनदादा कर्डकांचे एखादे गीत कानी पडल्यावाचून राहत नाही. मात्र ते आता पेटी, ढोलकी व खंजिरीच्या साथीने येत नाही. तरुणांच्या वाद्यवृंदांनी आणि डीजेवाल्यांनी त्याचे ‘रिमिक्स’ केलेले असते. आमच्या कित्येक जुन्या सहकाऱ्यांना हा प्रकार असह्य वाटतो. शाहिरीचा बाजार झाला, असे ते म्हणतात. त्यांची व्यथा आम्ही समजू शकतो. त्यांचे निदान मात्र आम्हांस मान्य नाही.

वामनदादांचा जन्म १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला. २००४ साली ते निवर्तले. मुंबईत अंगमेहनतीची कामे करीत आणि अक्षरओळख उशिरा करून घेत त्यांनी आंबेडकरी विचार गावोगाव गाऊन पोहोचविला. त्या काळच्या गायनपार्ट्या लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली निःसंकोच उचलीत, कारण श्रोत्याच्या ओठी आधीच असलेल्या चालीवरून विचार लवकर मनात उतरतो. तेव्हा चाल बदलली, ठेका बदलला, एवढ्यावरून नव्या पिढीस दोषी धरण्याचा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.

आपल्याच जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. त्यांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातील रागी ती आपल्या पद्धतीने गातात. गायकी बदलली, प्रदेश बदलला, तरी ती नामदेवांचीच राहिली. कारण पदाबरोबर कर्त्याचे नावही जपले गेले. वामनदादाही गीताच्या शेवटी ‘वामन’ ही मुद्रा गुंफीत. ज्या कवीजवळ ना प्रकाशक, ना करारपत्र, त्याचा सातबारा म्हणजे हे शेवटचे कडवे.

रिमिक्समध्ये कात्री चालते ती नेमकी येथे. गाणे दोन-तीन मिनिटांत बसवायचे, ध्रुपद पुनःपुन्हा घोळवायचे, म्हणून शेवटचे कडवे गळते आणि त्याबरोबर कवीही गळतो. ध्वनियंत्रणेचे भाडे चुकते होते, डीजेची सुपारी पोहोचते, ध्वनिमुद्रण विकणाऱ्यास इंटरनेटवरील जाहिरातींचा वाटा मिळतो. ज्याच्या श्रमावर ही सारी उलाढाल उभी आहे, त्याचे नाव तेवढे हिशेबात नसते. अर्थशास्त्राच्या भाषेत याला शोषण म्हणतात. ते संगीताच्या तालावर चालले म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही.

यावर काही मित्र म्हणतील, शाहिराचे गाणे ही जनतेची संपत्ती; त्यावर मोबदला मागणे समाजवाद्यांस शोभते काय? मोर्चात, सभेत, शिबिरात गाणे मुक्तच असले पाहिजे. परंतु जेथे प्रत्येक टप्प्यावर दुसरे कोणी ते विकत आहे, तेथे केवळ कवीचा वाटा जनतेला अर्पण करण्यात समाजवाद नाही.

कायदा या बाबतीत पूर्वीइतका दुबळा राहिलेला नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील समान वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद केली. कृतीवर आपले नाव सांगण्याचा हक्क कलम ५७ देते आणि या दुरुस्तीनंतर तो वारसांनाही बजावता येतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. पण हक्क सांगायचा तर गीत कोणाचे, याचा पुरावा लागतो. गावोगावच्या अप्रसिद्ध कवींची गीते जीर्ण वह्यांत आणि वृद्ध गायकांच्या स्मरणात आहेत. एक म्हातारा गेला की एक दप्तर जळते.

येथे आम्ही स्वतःलाही वगळू इच्छित नाही. आमच्या चळवळींच्या गीतपुस्तिकांत कवीच्या नावाविना गाणी छापली गेली आहेत. डीजेवाल्याकडे बोट दाखविण्यापूर्वी ही चूक आपण दुरुस्त करू या.

येत्या १४ एप्रिलपूर्वी प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी जुन्या गायनपार्ट्यांतील हयात कलावंतांना भेटावे, त्यांच्या वह्या शेवटच्या कडव्यासह उतरवून घ्याव्यात आणि कवीचे नाव, गाव, साल नोंदवावे. वारसांना आपल्या हक्काचे अर्ज भरण्यास मदत करावी. जयंती मंडळांनी सुपारी देताना एकच अट घालावी: गाणे पूर्ण वाजेल आणि कवीचे नाव पुकारले जाईल. ठेका तरुणांनी खुशाल त्यांचा धरावा. नाव मात्र ज्याचे त्याला मिळाले पाहिजे.