जालन्याचे बंदर

भाऊबिजेला जालन्याचे मेहुणे आले आणि चिवड्याची पहिली मूठ तोंडात जाण्याआधीच म्हणाले, "आता आमच्याकडेही बंदर!" सौ. खुदकन हसली. "दादा, तुमच्याकडे कुंडलिका. तीही पावसाळ्यात दिसली तर!"

पण दादा थापा मारत नव्हते. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराने जालना जिल्ह्यात 'ड्राय पोर्ट' योजले आणि 25 डिसेंबर 2015 रोजी त्याची पायाभरणी झाली. कोरडे बंदर म्हणा ना! कंटेनर गावीच भरायचा, कस्टम्सची तपासणी गावीच, सील गावीच. मग माल थेट धक्क्यावर.

"आणि सगळे संगणकावर. कागदाचा कपटा नाही."

"आणि केबल तुटली तर?" आम्ही विचारले.

प्रश्न खोडसाळ वाटला, पण तसा नाही. टोंगा हे पॅसिफिकमधले बेटांचे राज्य. 15 जानेवारी 2022 रोजी तिथे ज्वालामुखी फुटला आणि जगाशी जोडणारी समुद्राखालची एकुलती एक केबल तुटली. जोडायला पाच आठवडे लागले. आता आंतरराष्ट्रीय करारानुसार 1 जानेवारी 2024 पासून जहाजाची कागदपत्रे संगणकावर, एकाच खिडकीत घेणे बंदरांना बंधनकारक आहे. अशा बेटांची तयारी मोजताना संगणक किती, हे कोणीही मोजील. दुसरी वाट कोणती, हे आधी विचारायला हवे.

बेटे कशाला, आपल्या उरणकडेच पाहा. जून 2017 मध्ये मर्स्क या जहाज कंपनीच्या संगणकांत विषाणू शिरला आणि नेहरू बंदरातला तिचा धक्काही ठप्प झाला. समुद्र शांत, क्रेन धडधाकट. पण कोणता कंटेनर कुणाचा, हे सांगणारा संगणकच मुका! पुढे कंपनीच्या जाळ्याची एक महत्त्वाची प्रत शाबूत सापडली ती आफ्रिकेतल्या घानामध्ये. का? तर विषाणू आला तेव्हा तिथली वीज गेली होती! (भारनियमनाला शिव्या देणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

"मग आम्ही काय विचारायचे?" दादा गंभीर झाले.

आम्ही म्हटले, नोंदींची दुसरी प्रत कुठे ठेवणार ते विचारा. संगणक बंद पडल्यावर हाताने गेटपास लिहिता येणारा कारकून पाळीवर असेल का, आणि त्याने लिहिलेला पास उरणला चालेल का, तेही विचारा. जालन्याची सळई चार दिवस उन्हात थांबेल. मोसंबी थांबणार नाही.

दादांनी खिशातून पेन काढले. "एखादा कागद दे गं," ते सौ.ला म्हणाले.